चरबी वजा केल्यावर जे उरतं

बॉडी कॉम्पोझिशन मशीनवर अनवाणी उभं राहिलं, हातात दोन दांडे धरले, की मिनिटभरात एक छापील कागद बाहेर येतो. त्यावर वजन असतं, चरबीचे टक्के असतात आणि खाली कुठेतरी ‘लीन मास’ नावाचा एक आकडा असतो. चरबीचा आकडा पाहून माणूस हिरमुसतो, लीन मासचा पाहून जरा सावरतो. तो आकडा जास्त असलेला बरा, एवढं त्याने ऐकलेलं असतं. का बरा, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘स्नायू जास्त असले की बसल्या बसल्या कॅलरी जळतात.’ हे अगदीच खोटं नाही. पण इतकं अपुरं आहे की त्याच्या भरवशावर राहिलं तर खरा मुद्दा बाजूलाच राहतो.

लीन मास म्हणजे एकूण वजनातून चरबी वजा केल्यावर उरलेलं सगळं. त्यात स्नायू आले, यकृत, मेंदू, हृदय, मूत्रपिंडं आली, त्वचा आणि रक्त आलं, आणि या सगळ्यांतलं भरपूर पाणीही आलं. हाडं काही पद्धतींत यातच धरतात, काहींत वेगळी काढतात. अंगावरचे, म्हणजे हालचाल करणारे स्नायू सर्वसाधारण पुरुषाच्या वजनाच्या सुमारे ३८ टक्के असतात आणि स्त्रीच्या सुमारे ३१ टक्के. म्हणजे लीन मासमध्ये स्नायूंचा वाटा सर्वांत मोठा, पण जवळपास निम्माच. ‘लीन मास दोन किलोने वाढलं’ याचा अर्थ ‘दोन किलो स्नायू चढले’ असा लावायची घाई करू नये.

त्यातून ते मशीन स्नायू मोजतच नाही. ते अंगातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं, त्याला किती अडथळा होतो ते पाहतं, त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतं आणि मग ठरलेल्या सूत्रांनी बाकीचे आकडे काढतं. त्यामुळे पाणी कमी-जास्त झालं की आकडा हलतो. कडक डाएटच्या पहिल्या आठवड्यात वजन आणि लीन मास दोन्ही झपाट्याने उतरतात, त्यात मोठा भाग साठवलेल्या साखरेचा आणि पाण्याचा असतो. शरीर ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी अडकून राहतं. साठा संपला की ते पाणीही जातं.

आता कॅलरीचं बघू. विश्रांतीच्या स्थितीत एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ किलोकॅलरी खर्च करतात. एक किलो चरबी साडेचार. यकृत मात्र किलोमागे २०० च्या आसपास, मेंदू २४०, आणि हृदय व मूत्रपिंडं सुमारे ४४०. मेंदू, यकृत, हृदय, मूत्रपिंडं मिळून शरीराच्या वजनाचे जेमतेम पाच-सहा टक्के भरतात, पण विश्रांतीतल्या खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग त्यांच्याच नावावर असतो. तीन किलो स्नायू कमवायला महिनोन्‌महिने घाम गाळावा लागतो, आणि त्याचं बक्षीस म्हणजे दिवसाला चाळीसेक किलोकॅलरीचा जादा खर्च. दोन-चार घासांचा हिशेब. एवढ्यासाठी कुणी वजनं उचलू नयेत.

मग स्नायूंचं एवढं कौतुक कशाला? त्यासाठी जेवणानंतरचे दोन तास नीट पाहायला हवेत.

प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून कुठल्याही क्षणी चार-पाच ग्रॅमच ग्लुकोज असतं. म्हणजे एक चहाचा चमचा. एका जेवणातून त्याच्या दहा-पंधरा पट ग्लुकोज सहज येऊ शकतं, आणि तरीही निरोगी माणसाच्या रक्तातली पातळी दुपटीलाही पोचत नाही. याचा अर्थ, येणारी साखर कोणीतरी तितक्याच वेगाने उचलत असतं. उचलणाऱ्यांत यकृत आहे, मेंदू आहे, थोडी चरबीही आहे. पण गरजेप्रमाणे आपली उचल कित्येक पटींनी वाढवू शकणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये इन्सुलिनचा, म्हणजे रक्तातली साखर खाली आणणाऱ्या संप्रेरकाचा, परिणाम मोजायची एक पद्धत मांडली, ती ‘क्लॅम्प’ या नावाने ओळखली जाते. शिरेतून ठरावीक प्रमाणात इन्सुलिन द्यायचं, आणि रक्तातली साखर स्थिर राहील एवढं ग्लुकोज सोडत राहायचं. जितकं जास्त ग्लुकोज द्यावं लागेल तितकं त्या माणसाच्या शरीरात इन्सुलिन प्रभावी. अशा परिस्थितीत सुमारे ८० टक्के ग्लुकोज स्नायूंत जातं असं दिसलं. हा ८० टक्क्यांचा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो प्रयोगशाळेतला आहे. नेहमीच्या जेवणानंतर स्नायूंचा वाटा बराच कमी, साधारण एक तृतीयांश भरतो, कारण तोंडातून आलेल्या ग्लुकोजवर पहिला हात यकृताचा. तरीही जेवणानंतरचा चढ किती उंच जाणार, यात स्नायूंचा शब्द मोठाच.

स्नायूपेशीत ग्लुकोज आपोआप शिरत नाही. त्यासाठी ‘ग्लुट-४’ नावाची वाहक प्रथिनं लागतात. एरवी ती पेशीच्या आत पडून असतात. इन्सुलिनचा निरोप पोचला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. आत आलेलं ग्लुकोज लगेच लागत नसेल तर त्याचं ग्लायकोजेन होतं. सगळ्या स्नायूंत मिळून असं चारेकशे ग्रॅम ग्लायकोजेन मावतं, यकृतात शंभरेक ग्रॅम.

या दोन साठ्यांत एक फरक आहे, आणि मला तो या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यकृत आपल्या साठ्यातलं ग्लुकोज रक्तात परत सोडू शकतं. स्नायूंना ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारं शेवटच्या पायरीचं एन्झाइम त्यांच्याकडे नाही. यकृताचं ग्लायकोजेन ही सामाईक तिजोरी, तर स्नायूंचं म्हणजे ज्याच्या त्याच्या खिशातले पैसे. मांडीचा स्नायू दंडाच्या स्नायूला ग्लुकोज उसनं देऊ शकत नाही. मांडीत साठलेलं मांडीलाच खर्चावं लागतं. आणि ते खर्चलं नाही तर? साठा भरलेला राहतो, आणि भरलेला स्नायू नवं ग्लुकोज घ्यायला कुरकुरतो. चारशे ग्रॅमची जागा आहे खरी, पण ती रोज थोडी तरी मोकळी होत नसेल तर तिचा उपयोग काय? मशीनच्या कागदावर जागेचा अंदाज मिळतो, उलाढालीचा मिळत नाही.

मोकळी करायचा रस्ताही स्नायूंपाशीच आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लुट-४ इन्सुलिनची वाट न पाहता पृष्ठभागावर येतं. ही वेगळी वाट आहे, आणि टाइप २ मधुमेहातही ती बहुतांशी शाबूत असते. म्हणूनच जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालण्याने साखरेचा चढ बसतो. शिवाय व्यायाम थांबल्यावर पुढचा एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला नेहमीपेक्षा चांगला प्रतिसाद देतात. एक-दोन दिवसच, हा परिणाम साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे रविवारी तीन तास घाम गाळून उरलेला आठवडा खुर्चीत काढणाऱ्याला शुक्रवारपर्यंत त्यातलं फारसं काही मिळत नाही.

स्नायूंनी इन्सुलिनला दाद द्यायचं सोडलं की काय होतं, याचा एक सुरेख अभ्यास जेराल्ड शुलमन यांच्या येल विद्यापीठातल्या गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तरुण, सडपातळ, मधुमेह नसलेली माणसं घेतली. त्यातल्या काहींचे स्नायू इन्सुलिनला छान प्रतिसाद देत होते, काहींचे देत नव्हते. बाहेरून फरक दिसण्यासारखा नव्हता, पोटातल्या चरबीतही नव्हता. दोन्ही गटांना भरपूर कर्बोदकांचं जेवण दिलं. दाद न देणाऱ्या स्नायूंत सुमारे ६० टक्के कमी ग्लायकोजेन तयार झालं. मग ते ग्लुकोज गेलं कुठे? यकृताकडे. तिथे नवी चरबी तयार होण्याचं प्रमाण दुपटीहून वाढलं, ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, सुमारे ६० टक्क्यांनी जास्त निघाली आणि एचडीएल, म्हणजे चांगलं म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, सुमारे २० टक्क्यांनी कमी.

हे वाचल्यावर बरेच सुटे धागे जुळतात. चयापचयाचं आरोग्य म्हणताना डॉक्टर जे पाहतात ते म्हणजे रक्तातली साखर, ट्रायग्लिसराइड्स, एचडीएल, रक्तदाब, कमरेचा घेर. हे सगळे एकत्र का बिघडतात, असा प्रश्न पडतोच. त्याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे: मांडी-पोटऱ्यांनी नाकारलेली साखर यकृतात चरबी होते, आणि त्या चरबीचे पडसाद बाकीच्या तपासण्यांत उमटतात. फॅटी लिव्हरचा दोष आपण यकृताला देतो, पण कित्येकदा गडबडीची सुरुवात स्नायूंत झालेली असते. याच गटाने २०११ मध्ये दाखवलं की अशाच तरुणांनी एकदाच पाऊण तास व्यायाम केला, तर पुढच्या जेवणानंतर यकृतातली नवी चरबी सुमारे ३० टक्क्यांनी कमी बनते. पाऊण तासात कुणाचे स्नायू वाढत नाहीत. लीन मास होतं तेवढंच होतं; फक्त ते कामाला लागलं.

स्नायू दाद का देत नाहीत, याचं लोकप्रिय उत्तर म्हणजे स्नायूपेशींत साचलेली चरबी. तिच्यापासून तयार होणारे काही पदार्थ इन्सुलिनचा निरोप मधेच अडवतात. पण इथे एक गंमत आहे. सहनशक्तीचे खेळ खेळणाऱ्या, लांब अंतर धावणाऱ्या खेळाडूंच्या स्नायूपेशींतही चरबीचे थेंब भरपूर असतात, आणि त्यांचे स्नायू इन्सुलिनला उत्तम प्रतिसाद देतात. २००१ मध्ये ब्रेट गुडपास्टर आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं तेव्हापासून त्याला खेळाडूंचा विरोधाभास म्हणतात. खेळाडूच्या स्नायूत ती चरबी रोज जळते आणि रोज भरली जाते, बसून असणाऱ्याच्या स्नायूत ती पडून राहते. शिवाय चरबी न साचताही स्नायू बिघडू शकतात. एका प्रयोगात धडधाकट तरुणांना आठवडाभर अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांचं सरासरी १.४ किलो लीन मास गेलं आणि इन्सुलिनचा प्रभाव २९ टक्क्यांनी घटला, पण स्नायूंत चरबी साचलेली आढळली नाही. निव्वळ न हलणंही पुरतं.

आता त्या आकड्यांकडे, ज्यांच्यावरून बातम्या होतात. अमेरिकेतल्या १३,६४४ प्रौढांच्या माहितीवरून २०११ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की शरीराच्या वजनाच्या तुलनेत स्नायूंचं प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढलं की इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणं, ११ टक्क्यांनी आणि प्री-डायबेटिसचं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या अवस्थेचं, प्रमाण १२ टक्क्यांनी कमी आढळतं. अभ्यास मोठा आहे, पण ‘वजनाच्या तुलनेत’ हे शब्द वाचताना निसटतात. गुणोत्तरात वर स्नायू आहेत आणि खाली सगळं वजन, चरबीसकट. चरबी कमी असली तरी गुणोत्तर वाढतंच. नुसते किलो मोजले तर चित्र पालटतं: लठ्ठ माणसाचं लीन मास बारीक माणसापेक्षा बहुधा जास्तच भरतं, कारण जड शरीर वागवायला स्नायूही मोठे लागतात आणि अवयवही. म्हणून लीन मासच्या निव्वळ किलोंवरून चयापचयाचं भाकीत करायला गेलं तर कधीकधी उलटंच उत्तर येतं. ‘स्नायू वाढवा, मधुमेह टाळा’ असे मथळे देणाऱ्यांनी हा तपशील सहसा गाळलेला असतो. शिवाय अशा पाहणीतून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच कळतं; एकीमुळे दुसरी झाली हे सिद्ध होत नाही.

उलट टोकाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. लिपोडिस्ट्रॉफी नावाचा एक दुर्मीळ आजार असतो, त्याच्या तीव्र प्रकारात शरीरावर चरबी जवळजवळ नसतेच. स्नायू रेखीव दिसतात, लीन मासचे टक्के कुठल्याही खेळाडूला लाजवतील असे. आणि या माणसांना तीव्र मधुमेह होतो, ट्रायग्लिसराइड्स भयंकर चढतात, यकृत चरबीने भरतं. चरबीला तिच्या हक्काच्या जागी राहायला मिळालं नाही की ती यकृतात आणि स्नायूंत घुसते. त्वचेखालची चरबी निमूटपणे साठवण करते म्हणून बाकीचे अवयव सुखात असतात, हे तिला शिव्या घालताना ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याला, यातलं काहीच दिसत नाही. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोन डॉक्टरांनी चक्क स्वतःचाच फोटो छापला: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन एस. युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी आदर्श. चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्त चरबीचे मानकरी याज्ञिक. उंची-वजनाच्या तक्त्यात दोघं एकाच रकान्यात बसतात. दक्षिण आशियाई लोकांत सडपातळ दिसूनही मधुमेह लवकर का गाठतो, याची चर्चा त्या एका फोटोने जितकी पसरवली तितकी क्वचितच एखाद्या आलेखाने पसरवली असेल.

वय वाढतं तसा हा विषय जास्त निकडीचा होतो. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू जातात, साठीनंतर वेग वाढतो. ताकद त्याहून वेगाने जाते. म्हणजे उरलेला स्नायूही पूर्वीइतका कामाचा राहत नाही. ताकदीचं महत्त्व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० लोकांच्या अभ्यासात दिसलं. हाताच्या पकडीची ताकद ५ किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि या बाबतीत पकडीने वरच्या रक्तदाबापेक्षा अचूक भाकीत केलं. पकड मोजायला एक छोटं यंत्र पुरतं. तरी ती नेहमीच्या तपासणीत क्वचितच मोजली जाते, हे मला तरी कोडंच वाटतं.

गेलेली ताकद परत येते का? येते, आणि कोणत्याही वयात. मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या आजी-आजोबांकडून आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम करून घेतला, तोही चांगला कस लागेल असा. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीतल्या स्नायूचं क्षेत्रफळ वाढलं ते फक्त ९ टक्क्यांनी. दोन आकड्यांमधली ही दरी पाहिली की कागदावरच्या किलोंचं महत्त्व आपोआप कमी होतं.

वजन उतरवताना मात्र किलोंकडे पाहावं लागतं. नुसतं खाणं कमी करून वजन घटवलं तर गेलेल्या वजनातला साधारण पाव भाग लीन मासचा असतो. भूक कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांच्या चाचण्यांत हा वाटा औषधागणिक पाव भागापासून चाळीस टक्क्यांपर्यंत आढळला. यावरून बरीच घबराट पसरली. पण त्याच चाचण्यांत साखर, ट्रायग्लिसराइड्स, रक्तदाब सगळं सुधारलं, हेही खरं. जास्त वजनाच्या माणसाचं थोडं लीन मास गेलं आणि त्याबरोबर यकृतातली व पोटातली चरबी गेली, तर चयापचयाच्या दृष्टीने सौदा फायद्याचाच. काळजी करायची ती आधीच अशक्त असलेल्या वयस्क माणसाची, आणि वजन घटवणं-वाढणं-पुन्हा घटवणं या फेऱ्यात सापडलेल्यांची. परत येणाऱ्या वजनात चरबी लवकर येते, स्नायू मागे राहतात, आणि दर फेरीला हिशेब थोडा बिघडतो.

करायचं काय, हे सांगायला फार जागा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे. पहिला भाग लोक पाळतात, दुसरा ‘तो जिमवाल्यांसाठी’ म्हणून सोडून देतात. पण शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्या, नितंब आणि पाठीचे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पुन्हा पुन्हा उठणं, जिने चढणं, ओझं उचलणं हा त्यांचाच व्यायाम आहे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेलं पाहिजे, एवढीच अट. प्रथिनांची किमान शिफारस वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम आहे. पासष्टीपुढच्या निरोगी लोकांसाठी बरेच तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. नुसती प्रथिनं खाऊन मात्र फारसं काही होत नाही. स्नायूला काम मिळालं तरच तो त्यांचं काही करतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. इन्सुलिन किंवा साखर थेट खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर नव्याने जोरदार व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्यावा, कारण स्नायू इन्सुलिनविनाही साखर ओढू लागतात आणि ती नको तेवढी खाली जाऊ शकते, कधी व्यायामानंतर काही तासांनी, रात्री झोपेतसुद्धा. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेली असेल, तर श्वास रोखून जड वजन उचलण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावं.